टेस्लाची होडी आणि स्लॅबवरचा रिमोट

देगलूरसारख्या तालुक्याच्या गावातही मोठा स्लॅब टाकायचा तर घमेल्यांची साखळी लावण्याऐवजी बूम पंप मागवण्याचा पर्याय आता असतो. पंपाचा ऑपरेटर गाडीत बसत नाही. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या पेटीवरच्या दांड्या हलवत तो वर, मजुरांजवळ उभा असतो. त्यांच्या डोक्यावरून कित्येक टनांचा बूम फिरत असतो. पेटीचा आदेश पंपाने चुकीचा ऐकला, किंवा जवळच्या दुसऱ्याच यंत्राचा आदेश आपला समजला, तर? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी निकोला टेस्लापुढे आला होता, एका छोट्या होडीमुळे.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावी झाला. वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू, आई निरक्षर पण घरकामाची अवजारे स्वतः बनवणारी. मुलानेही धर्मगुरू व्हावे हा वडिलांचा हट्ट होता. तो मोडला कॉलऱ्याने. शाळा संपवून घरी आलेला निकोला सुमारे नऊ महिने अंथरुणाला खिळला. हा वाचला तर त्याला इंजिनीअरिंगला पाठवू, असे वडिलांनी कबूल केले. तो वाचला आणि १८७५ मध्ये ग्राझच्या तंत्रशाळेत दाखल झाला. पदवी मात्र त्याने कधी पूर्ण केली नाही.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. एडिसनकडची नोकरी काही महिन्यांत सुटली. १८८८ मध्ये प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोटारीची पेटंटे मिळाली, ती वेस्टिंगहाउस कंपनीने घेतली आणि त्याचे नाव झाले. शेतातल्या विहिरीवर थ्री-फेज मोटार चालते ती याच तत्त्वावर.

मग त्याला बिनतारी लहरींनी झपाटले. १८९५ मध्ये प्रयोगशाळा आगीत खाक झाली. त्याच वर्षी इकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवत होते. टेस्लाने पुन्हा मांडामांड केली आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लोखंडी होडी सोडली. तार नाही, दोरी नाही. टेस्ला दुरून कळ फिरवी आणि होडी वळे, दिवे लागत, विझत. आत माकड बसवले आहे की काय, अशीही शंका बघ्यांना आली. पेटंट कचेरीच्या परीक्षकालाही प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटले. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी पेटंट मिळाले, पण अमेरिकी आरमाराने त्यात रस घेतला नाही. १९१५ मध्ये त्याची मुदतही संपली.

होडीतली खरी अडचण तिच्या कानात होती. लहर ओळखण्यासाठी धातूची पूड भरलेली नळी असे. लहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. पण ते चिकटूनच राहत. म्हणून दर संकेतानंतर नळी आपोआप उलटी होईल अशी सोय टेस्लाने केली. प्रत्येक संकेताला एक चक्र एक घर पुढे सरके आणि त्यावर सुकाणूची दिशा ठरे. म्हणजे एक संकेत हुकला किंवा एक फाजील आला की पुढची सगळी मोजणी चुकणार. आणि असली नळी कुठल्याही ठिणगीला भुलते, अगदी आकाशातल्या विजेलाही.

यावर त्याने शोधलेला उपाय होडीपेक्षाही मोलाचा म्हणावा लागेल. १९०० मध्ये अर्ज केलेल्या आणि १९०३ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटांत त्याने दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकदम वापरल्या. दोन्ही एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल. एकटी कोणतीही आली तर ढिम्म. दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या लॉकरसारखेच हे. आजच्या पंपाच्या पेटीत तंत्र बदलले आहे. प्रत्येक पेटीचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो आणि तो जुळल्याशिवाय पंप आदेश मानत नाही. अनेक पेट्या एका कंपनसंख्येवरून दुसरीवर उड्या मारत राहतात. संपर्क तुटला तर यंत्र थांबते, हे सर्वांत महत्त्वाचे. बूमजवळून जाणाऱ्या हायटेन्शन तारेपुढे मात्र या हुशारीचा उपयोग नाही. तिथे अंतर राखणे हाच उपाय.

पुढचा टेस्ला उताराचा. बँकर मॉर्गनच्या दीड लाख डॉलरवर उभारायला घेतलेला प्रसारणाचा मनोरा अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. जंतूंची त्याला विलक्षण धास्ती होती. हस्तांदोलन टाळायचे, जेवताना रुमालांचा ढीग मागवायचा. कबुतरांवर मात्र जीव. १९३७ मध्ये टॅक्सीची धडक बसली, बरगड्या मोडल्या, तरी त्याने डॉक्टरला बोलावू दिले नाही. तब्येत पुन्हा सावरली नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन त्याचा मृत्यू झाला. वय ८६. लग्न केले नव्हते, हाती पैसा उरला नव्हता.

१९६० मध्ये चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाला त्याचे नाव मिळाले. एमआरआयच्या यंत्राची ताकद दीड टेस्ला, तीन टेस्ला अशी सांगतात, तो हाच टेस्ला.