बेजबाबदार मास्तर आणि शनीवरचा ठिपका

गणेशोत्सवातल्या बालनाट्यात एक पात्र हमखास असते. ढगळ कोट, नाकावर घसरलेला चष्मा, हातात छडी आणि डोक्यात अंधार, असे मास्तर. मुले प्रश्न विचारतात, मास्तर घाबरून भलतेच काही सांगतात आणि समोर सतरंजीवर बसलेली मंडळी पोट धरून हसतात. आपल्या मंडळांच्या रंगमंचावर हा प्रवेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. असाच एक मास्तर नव्वद वर्षांपूर्वी इंग्लंडात एका नटाने पडद्यावर उभा केला. त्या नटाची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे आम्हाला वाटले, कारण पडद्यावरच्या मास्तरापेक्षा त्याच्या मागचा माणूस फार वेगळा होता.

नटाचे नाव विल्यम थॉमसन हे. आडनावच ‘हे’ असल्यामुळे मराठीत लिहिताना मोठी पंचाईत होते. वाक्यात सर्वनाम कोणते आणि माणूस कोणता ते कळत नाही. म्हणून यापुढे आम्ही त्याला नुसते विल म्हणू. तिकडचे लोकही त्याला त्याच नावाने ओळखत.

विलचा जन्म ६ डिसेंबर १८८८ रोजी स्टॉकटन-ऑन-टीज या गावी झाला. वडील इंजिनिअर. कामाच्या निमित्ताने बिऱ्हाड सारखे एका गावाहून दुसऱ्या गावी हलायचे. विलही उमेदवार म्हणून यंत्रांच्याच कामाला लागला. कॉलेजची पायरी तो चढला नाही. पण वाचन दांडगे, आणि फ्रेंच, जर्मन या भाषा त्याने स्वतःच्या हिकमतीवर शिकून घेतल्या. १९०७ साली लग्न झाले. डब्ल्यू. सी. फील्ड्स या नटाचा चेंडू झेलण्याचा खेळ त्याने पाहिला आणि त्याच्या मनाने घेतले की आपली जागा कारखान्यात नाही, रंगमंचावर आहे. घरात बायको असताना हाताशी असलेले काम सोडून तमाशगिरीच्या मागे लागणाऱ्या मुलाला आपल्याकडे काय ऐकावे लागते ते सांगायला नको. तिकडेही फार वेगळे नसावे.

पहिली काही वर्षे हलाखीची गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो फ्रेड कार्नोच्या कंपनीत होता. चार्ली चॅप्लिनही आधी याच कंपनीत तयार झाला होता. विलची बहीण शिक्षिका होती. वर्गातल्या पोरांच्या करामती ती घरी सांगे, आणि त्यातून विलला मास्तराचे सोंग सुचले. सुरुवातीला त्याने मास्तरीणबाईही रंगवल्या, पण खरा जम बसला तो सेंट मायकेल शाळेच्या चौथ्या इयत्तेच्या प्रवेशावर. वर्गात एक आगाऊ पोरगा आणि एक म्हातारा विद्यार्थी, जो वर्षानुवर्षे त्याच इयत्तेत बसून आहे. एवढ्या भांडवलावर विलने इंग्लंडातली नाट्यगृहे गाजवली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका पालथी घातली. १९२५ मध्ये राजासमोरही प्रयोग झाला.

या विनोदाची गंमत थोडी समजून घ्यायला हवी. मास्तराला उत्तर येत नाही. ते येत नाही हे मुलांना ठाऊक आहे. मुलांना ठाऊक आहे हे मास्तरालाही ठाऊक आहे. तरीही काळा झगा आणि चौकोनी टोपी यांची अब्रू राखण्यासाठी तो नाक ओढत, चष्म्यावरून डोळे वटारत वेळ मारून नेतो. तासाची घंटा कधी होते याकडे मुलांपेक्षा त्याचेच कान जास्त. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या आमच्यासारख्याला अशी खुर्ची आणि असा चेहरा ओळखायला वेळ लागत नाही.

सिनेमात विल उशिरा आला, वयाच्या पंचेचाळिशीला. १९३५ च्या ‘बॉइज विल बी बॉइज’मध्ये तो बनावट शिफारसपत्राच्या जोरावर नार्कोव्हर शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा अशी, की तिथली पोरे जुगार आणि चोरी यांत आधीच तरबेज. पुढे १९३७ मध्ये ‘गुड मॉर्निंग, बॉइज’ आला. दिग्दर्शक मार्सेल व्हार्नेल. बेजबाबदार मास्तराचा यापेक्षा चांगला सिनेमा आम्ही पाहिलेला नाही. यातल्या डॉ. बेंजामिन ट्विस्टचे सारे लक्ष घोड्यांच्या शर्यतीवर. मुलेही त्याच नादाला लागलेली. संस्थाचालक त्याला काढायला टपलेले. अशात फ्रेंचच्या परीक्षेचा पेपर फुटतो, सगळा वर्ग झळकतो, आणि बक्षीस म्हणून मास्तरांसह पॅरिसला जातो. तिथे मोना लिसाचे चित्र पळवू पाहणारी टोळी गाठ पडते. पुढचा गोंधळ लिहून सांगण्यात अर्थ नाही. हाच ट्विस्ट ‘कन्व्हिक्ट ९९’मध्ये पुन्हा भेटतो, शाळेतून हाकललेला हा मास्तर चुकून तुरुंगाचा मुख्य अधिकारी होऊन बसतो!

आता दुसरी बाजू. विलला आकाशाचे वेड होते. लंडनमध्ये नॉरबरी येथे त्याच्या घरच्या बागेत सहा इंची दुर्बीण होती, आणि रात्रीचे खेळ आटोपून आलेला हा विदूषक पहाटेपर्यंत तिच्यापाशी बसे. नोंदी काटेकोर ठेवायच्या, धूमकेतूंची स्थाने मोजायची, लागणारी उपकरणे शक्य तर स्वतः बनवायची. कारखान्यात घालवलेली वर्षे इथे कामी आली. १९३२ मध्ये तो रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा फेलो झाला. खगोलशास्त्रातल्या लेखनावर तो डब्ल्यू. टी. हे एवढेच नाव घाली. नाट्यगृहातला विल हे आणि दुर्बिणीमागचा हा गृहस्थ यांची सरमिसळ झाली तर आपले काम कोणी गांभीर्याने घेणार नाही, अशी धास्ती त्यामागे असावी असे आम्हाला वाटते. आम्ही स्वतः पदविकाधारक. नावापुढे पदवी नसलेल्या माणसाला आपले म्हणणे दोनदा सिद्ध करावे लागते, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री विलने दुर्बीण शनीवर लावली होती. ग्रहाच्या विषुववृत्ताजवळ एक मोठा पांढरा ठिपका त्याला दिसला. आदल्या दिवसांत तो नव्हता. विलने लगेच जाणकारांना कळवले, इतरांनीही तो पाहिला आणि पांढऱ्या ठिपक्याच्या शोधावर विलचे नाव लागले. तो ठिपका म्हणजे शनीच्या वातावरणातले प्रचंड वादळ. खालून उसळून वर आलेले ढग अमोनियाच्या बर्फाने पांढरे दिसतात. असे महाकाय वादळ साधारण तीस वर्षांनी, म्हणजे शनीच्या एका वर्षात एकदा उठते; १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० अशा त्याच्या नोंदी आहेत. वृत्तपत्रांना अर्थातच चैन पडेना. ज्याला वर्गात साधे गणित सुटत नाही, त्या मास्तराने शनीवर शोध लावला! आपल्याकडे पालीचे पंडित असलेल्या बडोद्याच्या चिं. वि. जोशींनी बावळट चिमणराव लिहिला, तेव्हा वाचकांना जी गंमत वाटली असेल तीच ही. १९३५ मध्ये विलने सामान्य वाचकांसाठी आपल्या दुर्बिणीवर एक पुस्तकही लिहिले.

घरची कथा मात्र सुखाची नाही. तीन मुले झाली, पण पुढे नवरा-बायको वेगळे झाले. सहकलाकारांना तो अबोल, एकलकोंडा वाटे. मूर मॅरियटचा म्हातारा आणि ग्रॅहम मॉफटचा लठ्ठ पोरगा यांच्याबरोबर त्याचे ‘ओ, मिस्टर पोर्टर!’सारखे उत्तम सिनेमे झाले, पण १९४० नंतर त्याने हे त्रिकूट मोडले आणि ईलिंग स्टुडिओत गेला. आमच्या मते तिथले सिनेमे चांगले असले तरी ती भट्टी पुन्हा जमली नाही.

दुसऱ्या महायुद्धात विल नौदलाच्या राखीव दलात अधिकारी झाला. काम कोणते, तर सी कॅडेट मुलांना तारे आणि त्यांवरून जहाजाची दिशा काढण्याचे शास्त्र शिकवणे. आयुष्यभर खोटा मास्तर झालेला माणूस आता खऱ्या वर्गात उभा होता, आणि समोरच्या पोरांना जे शिकवायचे ते त्याला पक्के येत होते. याच काळात ‘द गूज स्टेप्स आउट’मध्ये त्याने पडद्यावरचा मास्तर थेट जर्मनीत पाठवला. तिथे तो नाझी तरुणांना इंग्रजांचा एक अचकट हावभाव शिकवतो आणि ती बिचारी मुले हिटलरच्या तसबिरीसमोर तो मोठ्या भक्तिभावाने करून दाखवतात.

१९४३ चा ‘माय लर्नेड फ्रेंड’ हा शेवटचा सिनेमा. कर्करोगाने गाठले, शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठून १९४४ मध्ये त्याने रेडिओवर पुन्हा मास्तर बोलता केला. नंतर अर्धांगवायूचा झटका आला. १८ एप्रिल १९४९ रोजी लंडनमधल्या चेल्सी भागात, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. ३१२५ क्रमांकाच्या लघुग्रहाला पुढे त्याचे नाव देण्यात आले.

त्याचे सिनेमे आजही पाहायला मिळतात. इंग्रजी भरभर आहे, पहिली दहा मिनिटे कानांना जड जाते. घरातल्या मुलांना सोबत घेऊन बसावे. मास्तरांची फजिती त्यांना आपल्याआधी कळते.