नाना शंकरशेठ

वळ गावची मोठमोठी गोदामे तुम्ही पाहिली असतील. तेथे हमालाबरोबरच हिशेब आणि संगणक जाणणारा माणूसही लागतो. विद्येशिवाय व्यापार वाढत नाही, हे नाना शंकरशेठ यांनी फार पूर्वी ओळखले.

नानांचा जन्म १८०३ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड येथे झाला. मुंबईच्या या धनवान व्यापाऱ्याने शिक्षणासाठी पैसा आणि श्रम वेचले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, त्यातही त्यांचा पुढाकार होता. मुलींनी शिकू नये असे लोक म्हणत, तेव्हा त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. १८६५ साली ते वारले.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतील एखादी मुलगी शाळा सोडत असेल, तर तिच्या घरच्यांना नानांची ही गोष्ट जरूर सांगा.