शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्या ताराबाई

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांत तुमच्यापैकी बरेच जण असतील. वाटेतल्या गावांत, वस्त्यांवर एक पाटी हमखास दिसते: अंगणवाडी. ती इतक्यांदा पाहिलेली असते की अंगणच का, वर्ग का नाही, शाळा का नाही, असा प्रश्नच डोक्यात येत नाही. या अंगणामागे ताराबाई मोडक आहेत. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये त्या एका ओळीत भेटतात: बालशिक्षण, कोसबाड, पद्मभूषण 1962. ती ओळ पाठ करून आपण पुढच्या नावाकडे वळतो. पण त्यांनी मुलांना शिकवलं त्याहून कितीतरी जास्त काळ शिकवणाऱ्यांना शिकवलं, हे त्या ओळीत मावत नाही. डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी तर हे वाचायलाच हवं.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले, सुधारक. त्यांनी विधवेशी लग्न केलं होतं, आणि त्या काळात हे म्हणजे सगळ्या नातेवाइकांशी वैर. अशा घरात मुलीनं शिकणं ओघानंच आलं. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालं, पण संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी. नवऱ्यापासून वेगळं राहणारी, नोकरी करून लेकीला वाढवणारी बाई आजही चारचौघांच्या नजरेत येते. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. त्या राजकोटला गेल्या आणि शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची, सुरक्षित जागा.

आणि ती त्यांनी सोडली. कारण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस काहीतरी वेगळंच करत होता. गिजुभाई मुळात वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या विचारात माँटेसरीबाईंचं लिखाण त्यांच्या हाती आलं आणि वकिली सुटली. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. मोठ्या मिशांचा हा माणूस मुलांत इतका रमायचा की लोक त्याला मिशाळ आई म्हणायचे. ताराबाई 1923 च्या सुमारास तिथे आल्या. प्राचार्यपदावरून बालवर्गात! आपल्याकडच्या हिशेबात हे सरळसरळ डिमोशन. त्यांच्या हिशेबात नव्हतं. शिक्षिका घडवायच्या तर आधी स्वतः मुलांसमोर जमिनीवर बसायला हवं, हे त्यांनी कृतीनं दाखवलं.

भावनगरला दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, माँटेसरीची पद्धत चांगली, पण ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. त्या पद्धतीत काल्पनिक गोष्टींना फारसं स्थान नव्हतं. इथे गोष्टी, गाणी, नाटक, नाच यांना वर्गात जागा मिळाली. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. एक चांगलं बालमंदिर काढलं तर शे-दोनशे मुलांचं भलं होतं. पण तिथे शिक्षकच तयार झाले, तर त्यातून आणखी बालमंदिरं निघतात. म्हणून बालमंदिराला लागूनच अध्यापन मंदिर चालायचं. सकाळी मुलं समोर आहेत, त्यांना बघायचं, त्यांच्याबरोबर काम करायचं, आणि मग पुस्तकात काय लिहिलंय ते ताडून पाहायचं. आज आपल्या कोर्समध्ये थिअरी आधी आणि इंटर्नशिप शेवटी, तीही सह्या गोळा करण्यापुरती. एवढ्या वर्षांत आपण नक्की कोणत्या दिशेला गेलो, असं कधीकधी वाटतं.

1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीत निघायचं; पुढे ते मराठीतही आलं आणि त्याचं संपादन ताराबाईंनी केलं. हे मासिक म्हणजे नुसती हौस नव्हती. एकदा प्रशिक्षण घेऊन शिक्षिका आपल्या गावी गेली की ती एकटी पडते. वर्गात मूल रडतंय, पालक विचारतायत की बाराखडी कधी शिकवणार, आणि सल्ला द्यायला कुणी नाही. महिन्याला हातात पडणारा अंक हा तिच्यासाठी धागा होता. आज हे काम व्हॉट्सअॅप ग्रुप करतो म्हणे, पण त्यावर परिपत्रकं आणि गुड मॉर्निंगच जास्त असतात.

1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं, सोबत पुन्हा शिक्षिकांचं प्रशिक्षण. काम नावारूपाला आलं. मात्र एक गोष्ट उघड होती: ही सगळी सोय पोटभर जेवून, वेणीफणी करून येणाऱ्या मुलांची होती. 1939 मध्ये गिजुभाई गेले. आणि 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डीला मुक्काम हलवला. बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव, आता पालघर जिल्ह्यात. तिथे आचार्य भिसे यांचं शिक्षणाचं आणि आदिवासींमधलं काम आधीपासून होतं. त्याच वर्षी त्या भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला होता. म्हणजे ज्या घरांतली मुलं बालवाडीत आणायची, त्या घरांतली मोठी माणसं जमीनदाराशी लढत होती. याच सुमारास त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका असलेल्या, पस्तिशीतल्या अनुताई. पुढची अठ्ठावीस वर्षं ही जोडी एकत्र राहिली.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी थाटली, साहित्य मांडलं, पण गरीब आणि दलित वस्तीतली मुलं येईनात. शाळेची इमारत त्यांना आपली वाटत नव्हती, आणि गावातल्या काही जणांनाही ती मुलं आपल्या मुलांशेजारी नको होती. अशा वेळी आपण काय करतो? रजिस्टरवर पटसंख्या लिहितो आणि पालक उदासीन असा शेरा मारतो. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या दारात नेली. कुणाच्या तरी घरासमोरची सारवलेली जागा, झाडाची सावली, दोन-तीन तास, एक शिक्षिका. झाली अंगण बालवाडी. मुख्य केंद्रात मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवर अंगण बालवाड्या, अशी मांडणी झाली.

आता यात शिक्षिकेचं काम किती बदललं बघा. तिला आधी वस्तीवर जायचं आहे. मुलांना गोळा करायचं, हातपाय-तोंड धुऊन द्यायचं, केस विंचरायचे, आणि मग शिकवायचं. हे सगळं आयाबायांच्या डोळ्यांसमोर. चार भिंतींत चुकलं तर कुणाला कळत नाही. अंगणात आख्खी वस्ती बघते. माँटेसरीचं महागडं लाकडी साहित्य इथे परवडणार नव्हतंच. मग शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, पिसं कामाला आली. लहान-मोठं, खडबडीत-गुळगुळीत, कमी-जास्त हे सगळं त्यात शिकवता येतं. हे फक्त पैसे वाचवणं नव्हतं. ज्या शिक्षिकेला ओढ्याकाठच्या गोट्यांतून मोजणी शिकवायला जमलं, तिला पेटी येण्याची वाट बघावी लागत नाही. शिवाय शिकवायला बाहेरून पदवीधर आणण्यापेक्षा कमी शिकलेल्या पण गावातल्याच बाया-मुलींना तयार करण्यावर भर होता. फक्त अशा बाईला एक भाषण देऊन भागत नाही. तिच्याबरोबर वर्गात उभं राहावं लागतं, करून दाखवावं लागतं, मग तिला करू द्यावं लागतं. हे काम सावकाश चालतं आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर हलवलं, 1957 च्या आसपास. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. इथे वारली मुलं, आणि प्रश्न आणखी अवघड. मोठं मूल शाळेत आलं तर धाकट्याला कोण सांभाळणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. ताई शाळेत आली की कडेवरचा भाऊ पाळणाघरात. जी मुलं दिवसभर गुरं राखायची, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. याचं कौतुक करताना त्या कुरणातल्या शिक्षकाचा विचार करा. फळा नाही, तास नाही, म्हैस उधळली की वर्ग पळाला! अशा शिक्षकाला ठरलेलं पाठ-टाचण देऊन काय उपयोग? त्याला समोर जे आहे त्यातून धडा उभा करायला शिकवावं लागतं, आणि ताराबाई-अनुताईंच्या प्रशिक्षणाचा गाभा मला तरी तिथेच दिसतो.

आज आपल्याकडे केंद्रप्रमुख आहेत, अंगणवाड्यांना पर्यवेक्षिका आहेत, शिक्षण परिषदा भरतात. म्हैसमाळच्या बाजूच्या वस्त्यांपासून वेरूळपर्यंत पसरलेल्या खुलताबादसारख्या तालुक्यात या माणसांनी शाळांना भेट द्यायची, तर निम्मा दिवस रस्त्यात आणि उरलेला रजिस्टर तपासण्यात जातो. रचना कागदावर चांगली आहे. वर्गात मागे बसून तासभर नुसतं बघायला आणि नंतर त्या बाईंशी बोलायला वेळ कुणाकडे आहे, हा प्रश्न आहे. ताराबाईंनी ही सोय सोपी केली होती: शिकवणारी, शिकणारी शिक्षिका आणि मुलं एकाच टेकडीवर राहत होती. सगळ्या राज्यात असं करता येणार नाही हे खरं. पण मग नेमकं काय करता येईल, यावर तुमच्या कॉलेजमध्ये एखादा तरी प्रोजेक्ट व्हायला हरकत नाही.

31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. कोसबाडची जबाबदारी अनुताईंनी घेतली आणि 1992 मध्ये जाईपर्यंत त्या याच कामात राहिल्या. त्यांचं कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र तुमच्या लायब्ररीत बहुतेक असेल. ताराबाईंच्या कामाचा रोजचा तपशील त्यात सापडतो.