विक्रम साराभाई : समितीला कार्यप्रवण करणारा शास्त्रज्ञ

समिती या शब्दाला आपल्या देशात फारशी प्रतिष्ठा नाही. प्रश्न लांबणीवर टाकावयाचा असेल तर तो समितीकडे सोपवावा, असा समज सर्वत्र रूढ आहे. केंद्र सरकारच्या सेवेत आमचे बहुतेक आयुष्य गेले असल्यामुळे तो समज सर्वस्वी निराधार आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु भारताच्या अवकाशसंशोधनाचा उगमच मुळी एका समितीत झाला. ती समिती चालविणाऱ्या पुरुषाचे चरित्र म्हणूनच आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका संपन्न गिरणीमालक घराण्यात झाला. केंब्रिज येथील पदवी-शिक्षण पुरे होते न होते तोच महायुद्ध पेटले. स्वदेशी परतून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. डॉ. होमी भाभाही त्या काळी तेथेच होते. युद्धानंतर केंब्रिजला जाऊन १९४७ साली साराभाईंनी डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची स्थापना केली. कापडगिरण्यांसाठी संशोधन संस्था, पुढे व्यवस्थापन संस्था अशा अनेक संस्थांच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. घरचा व्यवसाय आणि विज्ञान ही दोन्ही क्षेत्रे ते सारख्याच सहजतेने सांभाळीत.

१९५७ साली रशियाचा पहिला उपग्रह आकाशात झेपावला आणि पुढच्याच वर्षी अवकाशसंशोधनासाठी कोस्पार ही आंतरराष्ट्रीय समिती अस्तित्वात आली. भारत सरकारने १९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली इन्कोस्पार ही राष्ट्रीय समिती नेमली व तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे दिले. समितीचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस. आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नावाचा अभिमान वाटल्यास नवल नाही.

अग्निबाण सोडण्याचे केंद्र कोठे उभारावे, हा समितीपुढचा पहिला मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर शास्त्राने दिले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जात होते. त्या रेषेवर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युत्प्रवाहाचा एक अरुंद पट्टा वाहतो. बलून तेथवर पोहोचत नाही, आणि उपग्रहाला इतक्या खाली टिकता येत नाही. त्या थरात शिरून मोजमाप करण्यास लहान अग्निबाणच हवा. यास्तव त्रिवेंद्रमजवळचे थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडण्यात आले. तेथील मेरी मॅग्डलेनचे चर्च बिशप व भाविकांच्या संमतीने या कार्यासाठी मिळाले व त्यात संशोधकांचे कार्यालय थाटले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी नाइकी-अपाची जातीचा पहिला अग्निबाण तेथून सुटला. तो अमेरिकेने दिलेला होता. पण पुढे चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, रोहिणी मालिकेतील छोटा भारतीय अग्निबाण त्याच किनाऱ्यावरून उडाला.

त्या दिवसांत परकी गव्हावर पोट भरणाऱ्या देशाने आकाशाकडे का पाहावे, ही शंका अनेकांना छळीत होती, आणि ती गैरवाजवी नव्हती. साराभाईंनी ती झटकून टाकली नाही, तर धोरणाचा पायाच तिच्यावर रचला. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या चढाओढीत भारताने उतरावयाचे नाही. हवामानाचा अंदाज, दूरसंदेशवहन, खेड्यातील शिक्षण यांसाठी मात्र प्रगत विद्या हाती घ्यावयाची, हे त्यांचे सूत्र होते. १९६९ साली अमेरिकेशी झालेल्या करारानुसार पुढे १९७५-७६ मध्ये वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले गेले. ते पाहावयास साराभाई हयात नव्हते.

त्यांच्या कार्यपद्धतीची एक उणीवही येथे नमूद करणे प्राप्त आहे. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभांचा अंत झाला आणि अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंवर आली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली, तिचेही प्रमुख तेच. १९७० साली त्यांनी दशकाची योजना मांडली. तीत उपग्रह होते, ते सोडणारे वाहनही होते. मात्र तिच्यातील मुदती पुष्कळदा पाळल्या गेल्या नाहीत. स्वदेशी वाहनाने उपग्रह कक्षेत जाण्यास १८ जुलै १९८० उजाडावा लागला. सल्ला देणारा, निर्णय घेणारा आणि तो अंमलात आणणारा एकच माणूस असला की कामाला वेग येतो, हे खरे. पण सारा भार एकाच खांद्यावर पडतो. ३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंब्याच्या दौऱ्यावर असताना कोवलम येथे, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सरकारने यातून योग्य तो बोध घेतला. १९७२ साली स्वतंत्र अवकाश आयोग व अवकाश विभाग निर्माण होऊन ही जबाबदारी अणुऊर्जेपासून वेगळी झाली, आणि प्रा. सतीश धवन यांनी ती समर्थपणे पेलली. तज्ज्ञांच्या विचारविनिमयाची परंपराही चालू राहिली. १९९९ साली शास्त्रज्ञांच्या सभेत चंद्रमोहिमेचा विषय निघाला. एका अभ्यासगटाने तो तपासला. एप्रिल २००३ मध्ये निरनिराळ्या शाखांच्या सुमारे शंभर शास्त्रज्ञांनी त्या अहवालाची छाननी केली. नोव्हेंबरमध्ये सरकारची मंजुरी मिळाली. आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान झेपावले. ज्या चंद्राच्या चढाओढीपासून साराभाईंनी देशाला दूर ठेवले, तेथे देश आपल्या ऐपतीने, सांगोपांग विचार करून पोहोचला.

समितीचे मोल तिच्या बैठकांच्या संख्येवरून ठरत नाही. तिने नेमका प्रश्न विचारला काय, त्याचे उत्तर जाणत्यांकडून घेतले काय, आणि घेतलेला निर्णय तडीस नेण्यास कोणी पुढे आले काय, यावरून ते ठरते. पन्नास वर्षे कार्यकारी समितीच्या बळावर चाललेल्या आपल्या मंडळाच्या सभासदांना हे निराळे सांगावयास नको. अध्यक्ष येतात आणि जातात. आपल्यामागे काम खंडित होणार नाही अशी माणसे जो तयार करतो, त्याचेच कार्य चिरस्थायी ठरते. साराभाईंनी थुंब्याच्या वाळूत अशी माणसे घडविली, हे त्यांचे देशावरील मोठे ऋण होय.