लाकडाच्या भुशात गुंडाळून अमेरिकेचा बर्फ भारतात विकणारा फ्रेडरिक ट्यूडर

घरोघरी फ्रिज यायला अजून शंभर वर्षं होती. तरी १८३३ च्या सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला अमेरिकेतून बर्फ आला. थोडाथोडका नाही, तर सुमारे १०० टन!

चार महिन्यांचा समुद्रप्रवास, तोही दोनदा विषुववृत्त ओलांडून. मग बर्फ वितळला कसा नाही? उत्तर आहे पॅकिंग. आणि त्यामागचा माणूस होता बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर.

ट्यूडरचा जन्म १७८३ चा, सुखवस्तू घरातला. बोस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठायची. हा फुकटचा बर्फ गरम प्रदेशात विकायचा, असं त्याच्या डोक्यात बसलं. पण असला माल न्यायला कोणी जहाज देईना. शेवटी त्याने स्वतःच जहाज घेतलं आणि १८०६ मध्ये साधारण १३० टन बर्फ कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. गावाने त्याला वेड्यात काढलं.

बर्फ पोचला, पण तो ठेवायला तिथे बर्फघरच नव्हतं. डोळ्यांदेखत मालाचं पाणी झालं. पुढे कर्ज इतकं वाढलं की देणी थकली म्हणून त्याला तुरुंगात जावं लागलं.

तरीही तो मागे हटला नाही. आधी पेंढ्यात बर्फ गुंडाळायचा, नंतर त्याने लाकडाचा भुसा वापरला. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांमध्ये हा भुसा वायाच जायचा. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून राहते आणि ती बाहेरची उष्णता सहज आत येऊ देत नाही.

दुसरी अडचण होती वेड्यावाकड्या तुकड्यांची. त्यांच्यातल्या फटींतून हवा खेळायची आणि बर्फ झिजायचा. १८२५ मध्ये त्याचा सहकारी नॅथॅनियल वायथ याने घोड्याने ओढायचं, नांगरासारखं बर्फ कापायचं यंत्र आणलं. आता एकसारखे चौकोनी ठोकळे मिळू लागले. ते विटांसारखे खेटून रचता आले, फटी बुजल्या आणि माल हलायचाही थांबला.

म्हणूनच 'टस्कनी' जहाजात भरलेल्या १८० टनांपैकी निम्म्याहून जास्त बर्फ कलकत्त्यात उतरला. पुढे मद्रास आणि मुंबईतही बर्फघरं झाली. मद्रासची इमारत आजही उभी आहे.

याच काळात कॉफीच्या सट्ट्यात ट्यूडरवर दोन लाख डॉलर्सहून जास्त कर्ज झालं होतं. ते फेडायला भारतातल्या बर्फाचा नफाच कामी आला. १८६४ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी तो वारला, तेव्हा तो श्रीमंत होता.

आज मासे किंवा औषधं थर्माकोलच्या खोक्यातून येतात, तेव्हा तिथेही हीच युक्ती असते. हवा अडकवा, फटी बुजवा आणि माल हलू देऊ नका.