बंदूक, नोंद आणि रानपिंगळा : डॉ. सालिम अली

भारतीय पक्षिशास्त्राचे भीष्माचार्य म्हणून डॉ. सालिम अली यांचे नाव सर्वतोमुखी आहे. गळ्यात दुर्बीण, हातात टिपणवही आणि नजर झाडाच्या शेंड्याकडे, असे त्यांचे चित्र वाचकांच्या मनात कायमचे ठसले आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ त्यांच्या खांद्यावर दुर्बिणीबरोबर बंदूकही होती, ही गोष्ट आज सहसा सांगितली जात नाही. पक्ष्यांचा हा कैवारी पक्ष्यांवर बार काढीत असे, हे ऐकून संकोच वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या बंदुकीचा हिशेब त्यांनी कसा ठेवला हे पाहिल्याखेरीज त्यांची थोरवी पुरतेपणी उमगत नाही. त्या हिशेबाचे एक पान सुरत जिल्ह्यातील तापीकाठच्या मांडवी या गावाच्या नावाशी जोडलेले आहे.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. वडील मोईझुद्दीन हे सालिम वर्षाचे असतानाच निवर्तले आणि तिसऱ्या वर्षी मातृछत्रही हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाच्यांचा खेतवाडीतील आपल्या घरी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळ केला. मामा नामांकित शिकारी होते. घरात बंदुका होत्या, शिकारीच्या गोष्टी होत्या आणि मुलांच्या हाती एअरगन होती. मोठेपणी आपण विख्यात शिकारी व्हावे, हेच त्या वयातील सालिमचे स्वप्न होते.

ते नऊ-दहा वर्षांचे असताना चेंबूरच्या तबेल्यात भिंतीच्या एका भोकात चिमणीच्या जोडीने घरटे केले होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर बाहेर पहारा देई. सालिमने त्या नरावर नेम धरला आणि तो पाडला. थोड्याच वेळात विधवा मादीने दुसरा नर मिळवला आणि तोही पहाऱ्यावर बसला. सात दिवसांत असे आठ नर त्या एकाच जागी त्याच्या एअरगनला बळी पडले. खोडकर मुलाने चिमण्या मारल्या, एवढ्यावर ही कथा संपली असती तर ती सांगण्याजोगी नव्हती. परंतु त्या मुलाने घडलेला प्रकार तारखेनिशी वहीत टिपून ठेवला. एका नराची जागा घेण्यास दुसरा इतक्या तत्परतेने येतो, याचा अर्थ जोडीवाचून राहिलेले नर आसपास पुष्कळ असले पाहिजेत, हे त्या टिपणातून दिसत होते. सुमारे साठ वर्षांनंतर ते बालपणीचे टिपण पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापले गेले.

पुढे १९०८ साली त्याच एअरगनने एक निराळी चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न धर्मनिष्ठ घरात निर्माण झाला. मामांनाही तो ओळखता येईना. त्यांनी भाच्याच्या हाती पत्र देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी तो पक्षी पीतकंठी चिमणी म्हणून ओळखला आणि बुजऱ्या मुलाला कपाटांचे एकेक खण उघडून दाखवले. खणांत पेंढा भरलेले पक्षी ओळीने निजवलेले होते आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. शिकाऱ्याचा पक्षिशास्त्रज्ञ होण्यास प्रारंभ झाला तो येथून.

हा मार्ग सरळ नव्हता. १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशातील तावॉय येथे कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्यास गेले. तेथे व्यापारापेक्षा रानातच त्यांचे पाय अधिक वळत. १९१७ मध्ये मुंबईस परतून त्यांनी व्यापारी शिक्षणाबरोबर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ साली, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, त्यांना व्याख्याता-मार्गदर्शकाची जागा मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्याजवळ शास्त्रशुद्ध अभ्यासाची दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर मात्र पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती.

या बेकारीतूनच त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य उभे राहिले. संस्थानांनी केवळ खर्च सोसावा, आपण विनावेतन पाहणी करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानापासून प्रारंभ होऊन पुढे त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर असा हा क्रम चालला. तहमिना बेगम छावणीचा सारा संसार सांभाळीत. १९३९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्या आघातातून त्यांना याच कामाने सावरले. १९४० च्या दशकात गुजरातची पाहणी झाली आणि तीत दक्षिणेकडील सुरत डांगच्या सागवानी जंगलाचाही समावेश होता. या पाहणीचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा पाहणीत बंदूक कशासाठी लागे? त्या काळी दुर्बिणी सामान्य प्रतीच्या होत्या आणि रंगीत छायाचित्रणाची सोय नव्हती. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन वटवट्यांतील भेद पंखांची लांबी मोजल्यावाचून कळत नसे. म्हणून नमुना हाती असणे अपरिहार्य मानले जाई. मात्र ही बंदूक शिकाऱ्याच्या बंदुकीहून वेगळ्या रीतीने वापरावी लागे. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात. त्यांमुळे एकच गोळी गिरक्या घेत दूरवर अचूक जाते आणि सांबर किंवा वाघ टिपण्यास ती उपयोगी पडते. चिमणीएवढ्या पक्ष्याची ती चिंधीही उरू देणार नाही. संग्राहकाला गुळगुळीत नळीची, शक्य तर बारीक तोंडाची छऱ्यांची बंदूक लागे आणि काडतूसही खास लागे. पुष्कळ संग्राहक ती काडतुसे स्वहस्तेच भरीत. वापरलेल्या नळकांड्यातील जळालेली टोपी काढून नवी बसवायची, दारू बेताने मोजून घालायची, वर गुडदीचा बूच दाबायचा आणि मग मोहरीपेक्षाही बारीक छरे घालून तोंड बंद करायचे. दारू अधिक झाली तर पिसे विस्कटत आणि कमी झाली तर पक्षी जखमी होऊन झुडपात नाहीसा होई.

बार निघाल्यावर खरे काम सुरू होई. डोळ्यांचा, चोचीचा व पायांचा रंग काही तासांत उतरतो, म्हणून तो तत्काळ टिपावा लागे. कातडी सोलून, तिला सोमलाचे औषध लावून, आत कापूस भरून ती सुकवावी लागे. त्यानंतर पायाला चिठ्ठी बांधली जाई. स्थळ, तारीख, नर की मादी आणि संग्राहकाचे नाव इतका तपशील त्या बोटभर कागदावर असे. चिठ्ठी नसलेला पक्षी शास्त्राच्या दृष्टीने निरर्थक ठरतो, आणि खोटी चिठ्ठी बांधलेला पक्षी त्याहून घातक, कारण तो पुढच्या अभ्यासकांना वर्षानुवर्षे भलत्याच वाटेने नेतो. ग्रंथसूचीतील एका चुकीच्या क्रमांकाने उत्तम ग्रंथ कपाटात असूनही नाहीसा होतो, हे ग्रंथालयाच्या सभासदांस वेगळे सांगावयास नको.

केवळ हौसेखातर केलेल्या संहाराविषयी सालिम अलींना तिटकारा होता. भरतपूरच्या तलावावर १९३८ साली व्हाइसरॉयच्या मेजवानीत एकाच दिवसात ४,२७३ पक्षी पाडण्यात आले आणि तो आकडा दगडावर कोरला गेला. त्या हजारो पक्ष्यांपासून ज्ञानात कणभरही भर पडली नाही. हेच भरतपूर वाचवण्यासाठी पुढे सालिम अलींनी आपले वजन खर्ची घातले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ते राष्ट्रीय उद्यान झाले. आवश्यक तेवढाच नमुना घ्यावा, ही त्यांची मर्यादा होती. जिथे बंदुकीवाचून काम भागे तिथे ती बाजूस ठेवली जाई. १९३० मध्ये किहीम येथे शिडीवर आडोसा करून त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे महिनोन्महिने निरीक्षण केले. एकच नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार करतो, हे तेथेच उघडकीस आले. १९५९ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने स्थलांतराचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा हजारो पक्षी जाळ्यांत धरून, पायात क्रमांकाचा वाळा चढवून सोडून देण्यात आले. पायातील चिठ्ठीची जागा वाळ्याने घेतली आणि पक्षी जिवंत राहिला.

१९३७ साली ते अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले तेव्हा त्यांच्यासोबत कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन हे इंग्रज गृहस्थ होते. नेमबाज, सैनिक आणि प्रचंड पक्षिसंग्रहाचे धनी असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या संग्रहात रानपिंगळा या अतिदुर्मीळ घुबडाचा एक नमुना होता. १८७२ साली शास्त्राला प्रथम ज्ञात झालेल्या या पक्ष्याचे सर्व नमुने १८८४ पर्यंतचेच होते. त्यानंतर मिळालेला एकमेव नमुना हा. चिठ्ठीवर स्थळ तापीकाठचे मांडवी होते आणि साल १९१४. पुढील काळात ज्यांनी ज्यांनी रानपिंगळ्याचा माग काढला त्या सर्वांना ही नोंद विचारात घ्यावी लागली. १९७० च्या दशकात सालिम अली आणि त्यांचे अमेरिकी सहकारी डिलन रिप्ले यांनीही शोध घेतला, पण पक्षी मिळाला नाही. या दोघांच्या दहा खंडांच्या महाग्रंथात भारतीय उपखंडातील साऱ्या पक्ष्यांची माहिती १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध झाली होती. रानपिंगळा मात्र त्यांना दिसलाच नाही.

पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६) आणि राज्यसभेचे सदस्यत्व (१९८५) असे सन्मान लाभलेल्या सालिम अलींचे २० जून १९८७ रोजी मुंबईत निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. मांडवीच्या चिठ्ठीविषयी शंका आल्यामुळे त्यांनी ती बाजूला सारली होती आणि जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या स्थळीच शोध केला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उरलेला उलगडा केला. तो नमुना मांडवीचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, कातडी पुन्हा भरून, त्यावर बनावट चिठ्ठी लावण्यात आली होती. क्ष-किरणांच्या तपासणीत डेव्हिडसन यांच्या हातची मूळ घडण उघड झाली.

सुरत जिल्ह्याच्या नावावरील तो रानपिंगळा अशा रीतीने पुसला गेला. मात्र २०१४-१५ च्या सुमारास डांगमधील पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा खरोखरच आढळला. ज्या सुरत डांगमध्ये सालिम अलींनी पाहणी केली होती, त्याच जंगलपट्ट्यातील ही नोंद. तिच्यासाठी एकही बार काढावा लागला नाही. सालिम अलींनी घेतलेले नमुने सोसायटीच्या संग्रहातील पंचवीस हजारांहून अधिक पक्ष्यांत आजही आपापल्या चिठ्ठ्यांसह सुरक्षित आहेत, आणि त्या चिठ्ठ्यांवरील स्थळ-काळावर विसंबून अभ्यासक आजही काम करीत आहेत.