गॉडझिलाला वजन देणारा माणूस

आमच्या विंगमध्ये सध्या एका गेमवरून दोन पार्ट्या पडल्यात. सुट्टीवरून येताना एकजण प्लेस्टेशन घेऊन आला, सोबत 'गॉडझिला' हा गेम. बांदाई नामको कंपनीने तो २०१४ च्या डिसेंबरात जपानमध्ये काढला आणि २०१५ मध्ये बाहेर. परीक्षकांनी त्याची पार सालपटं काढली होती आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. दर वेळी तेच. शहरात शिरा, जनरेटर फोडा, दुसरा राक्षस आला की त्याच्याशी कुस्ती. वर गॉडझिलाला वळवायला एल-वन नाहीतर आर-वन बटण दाबून धरावं लागतं. गाळपाच्या दिवसांत अंबाजोगाई रोडवर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना बघितलाय ना? अगदी तसा वळतो.

पोरं याच गोष्टीला शिव्या घालतात. मला नेमकी हीच गोष्ट आवडते, आणि त्याचं कारण आहे एजी त्सुबुराया.

हा माणूस १९०१ साली जपानमधल्या फुकुशिमा प्रांतात, सुकागावा गावात जन्मला. आई तिसऱ्या वर्षीच गेली, आजीने आणि काकाने वाढवलं. डोक्यात फक्त विमानं. पंधरा-सोळाव्या वर्षी टोकियोला फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाला, पण १९१७ साली शाळेचा संस्थापकच विमान अपघातात गेला आणि शाळा बंद पडली. मग गड्याने इलेक्ट्रिकलला अ‍ॅडमिशन घेतली (आपल्या ब्रँचवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही) आणि जोडीला खेळण्यांच्या कंपनीत काम केलं. १९१९ च्या सुमारास तो सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे गेला तो कायमचा.

१९३३ चा 'किंग काँग' बघून तो वेडा झाला. त्याने त्या फिल्मची प्रिंट मिळवली आणि एकेक फ्रेम बघत ट्रिक कशी केली ते शोधत बसला. आपण मागच्या वर्षीची जर्नल्स उतरवतो, त्याने किंग काँग उतरवला. फरक इतकाच की त्याला त्यातलं कळत होतं.

पुढचा भाग मला अवघड जातो. १९४२ मध्ये तोहो कंपनीने पर्ल हार्बरच्या हल्ल्यावर सिनेमा काढला. त्यातली जहाजं, बंदर, विमानं ही सगळी त्सुबुरायाची मॉडेल्स. सिनेमा सरळसरळ युद्धाच्या प्रचाराचा होता. विमान उडवायचं स्वप्न त्याने असं पुरं केलं म्हणायचं का, कोण जाणे. युद्ध हरल्यावर अमेरिकन अंमल आला आणि अशा कामांमुळे १९४८ मध्ये त्याला तोहो सोडावी लागली. काही वर्षं त्याने स्वतंत्रपणे कामं केली आणि मग परत तोहोत आला.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्यानंतर तोहोने अणुस्फोटाने जागा झालेल्या राक्षसाचा सिनेमा हाती घेतला. त्याआधी त्सुबुरायाच्या डोक्यात आपल्या हिंदी महासागरात जहाजांवर हल्ला करणारा राक्षसी ऑक्टोपस होता! किंग काँगसारखी बाहुली इंच इंच हलवून शूटिंग करायला वर्षं लागली असती, तेवढा वेळ नव्हता. म्हणून रबराच्या सूटमध्ये माणूस घातला, हारुओ नाकाजिमा. पहिला सूट सुमारे १०० किलोचा निघाला, त्यात धड चालताही येईना. दुसरा हलका करावा लागला.

आता जरा इंजिनिअरिंग. गॉडझिला ५० मीटर उंच, सूट २ मीटर, म्हणजे स्केल १:२५. ५० मीटरवरून पडलेला दगड खाली यायला ३.२ सेकंद घेतो, २ मीटरवरून ०.६४ सेकंद. बरोबर पाचपट, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणून मॉडेलची बिल्डिंग खरी वाटायची तर २४ ऐवजी १२० फ्रेम्सने शूट करून नेहमीच्या वेगाने दाखवायची. की झाला राक्षस संथ आणि जड! पण कॅमेरा पाचपट पळवला की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो, म्हणून दिवे वाढवावे लागतात. त्या दिव्यांच्या भट्टीत, रबराच्या आत, नाकाजिमा. ३ नोव्हेंबर १९५४ ला सिनेमा लागला आणि तुफान चालला.

पुढे मारामाऱ्या आल्या. १९६२ ला किंग काँगशी, १९६५ ला तर गॉडझिला चक्क नाचतो. रक्त दाखवायला त्सुबुरायाचा विरोध असायचा, कारण थिएटरात पोरं बसलेली असतात. १९६३ मध्ये स्वतःची कंपनी, १९६६ मध्ये टीव्हीवर 'अल्ट्रामॅन'. जपानसारख्या देशात हा माणूस कॅथलिक होता, हे वाचून कॉन्व्हेंटमधून आलेल्या मला उगाच आपलेपणा वाटला. २५ जानेवारी १९७० ला तो गेला. मार्च २०२४ मध्ये 'गॉडझिला मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, पण तेव्हा त्याला जाऊन ५४ वर्षं झाली होती.

तर गेममधला गॉडझिला सावकाश का वळतो? माझं मत असं की बनवणाऱ्यांनी जनावर नाही, तो रबराचा सूट समोर ठेवलाय. जनरेटरच्या कंटाळ्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यात डायोरामा नावाचा एक मोड आहे. राक्षस आपल्याला हवे तसे उभे करायचे आणि फोटो काढायचे, बस्स. काल रात्री विरोधी पार्टीतला एकजण अडीचपर्यंत तेच करत बसला होता. सकाळी त्याची एम-थ्रीची टेस्ट होती.